गोमाजीच्या गळ्यासाठी प्रीअँप

१२ जानेवारी, रविवार. महाड

दुपारी गोमाजीचा फोन आला. नंबर त्याचा, पण पलीकडून कोणी बोलेना. मी हॅलो हॅलो करून ठेवणार, तेवढ्यात त्याची सून श्रुतिका फोनवर आली. "काका, आबा कवाचे बोलतायत. ऐकू नाय आलं काय?"

नाही आलं. दिवाळीनंतर मुंबईला त्याच्या मानेतली गाठ काढली, तेव्हापासून आवाज बसलाय हे ठाऊक होतं. पण इतका बसला असेल असं वाटलं नव्हतं.

श्रुतिकेने सांगितलं ते असं. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या ठरलेल्या जागेवर, बसली की देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान गोमाजीच्या घराचा. तो एकेक मागणं मागतो आणि सगळं गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं. यंदा त्याचा आवाज पोचणार नाही, म्हणून गावच्या बैठकीत तोडगा निघाला. मागे कधीतरी मोबाइलवर घेतलेलं त्याचं गाऱ्हाणं डीजेच्या पेट्यांवर वाजवायचं. गोमाजीने नुसते हात जोडून उभं राहायचं. ही कल्पना त्याच्याच मुलाची, अनिलची. अनिल मुंबईला असतो. त्याच्या मनात वाईट काही नसणार.

मग पुन्हा गोमाजी आला. मी दुसरा कान बोटाने बंद करून ऐकलं.

"शरद, मी जिता हाय ना रे अजून? मग माजी टेप कशाला?"

मी म्हटलं, येतो.

१५ जानेवारी, बुधवार

पोलादपूरला जाऊन आलो. गोमाजीची वाडी महाबळेश्वरच्या रस्त्याला लागल्यावर डावीकडे वर. आता घरापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. गोमाजी ओटीवर बसला होता. गळ्याभोवती मफलर, अंग उतरलेलं. बोलतो तेव्हा शब्दांपेक्षा वाराच जास्त येतो. डॉक्टर म्हणाले, स्वर उठवणारी एक नस दुखावली आहे, आवाज आता एवढाच.

पोलादपूरचा सुनील डीजे चालवतो, त्याने मिक्सर आणून लावून दाखवला. पोरगा सरळ आहे. त्याची अडचण खरी आहे. गोमाजीचा आवाज इतका बारीक की तो वर आणायला बटण शेवटपर्यंत फिरवावं लागतं, आणि मग पेट्यांतून शिट्टी सुटते म्हणे. त्यातच गोमाजी खोकला की बाँब फुटल्यासारखं होतं.

मी म्हटलं, माईक तोंडाशी हवा, डोक्याला अडकवायचा. आणि माईक आणि मिक्सरच्या मध्ये माझा स्वतःचा प्रीअँप हवा. बारीक आवाज स्वच्छ मोठा करेल आणि खोकला आला की आपोआप मागे ओढेल असा.

"व्हईल?" गोमाजीने विचारलं. म्हणजे ओठांवरून तसं वाटलं.

"पहिला अँप्लिफायर कोणी करून दिला होता तुला?"

तो हसला.

येताना पोलादपूरच्या नाक्यावर थांबून चहा घेतला. जिथे मी रेडिओ दुरुस्त करायचो ते दुकान हायवे रुंद झाला तेव्हा गेलं. डिप्लोमा करून नोकरीची वाट बघत मी तिथे बसायचो. गोव्याकडचे ट्रक थांबायचे, ड्रायव्हर टेप दुरुस्तीला टाकून जेवायला जायचे. एक दिवस गोमाजी आला, तेव्हा विशीतला, आणि म्हणाला, "भजनाला लावायला भोंगा पायजे. वाडीत लाईट नाय." वाडीत वीज नव्हती आणि याला अँप्लिफायर हवा होता! मी बारा व्होल्टवर चालणारा करून दिला. ट्रकची बॅटरी गोमाजीने खांद्यावरून वर चढवली. ॲसिड सांडून त्याच्या सदऱ्याला भोकं पडली. भोंगा जांभळाला बांधला. गोमाजीने माईकसमोर तोंड नेलं आणि काहीच सुचेना म्हणून बहिणीला हाक मारली. "आवडे, गुरं आली काय गो?" समोरच्या डोंगरातून आवडीचं उत्तर आलं, भोंग्याशिवाय. सगळी वाडी हसून लोळली.

त्या दिवशी मला वाटलं, आयुष्यभर हेच करावं. मग महाडच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनला लागलो आणि व्हॉल्व्ह आणि गेजमध्ये जन्म गेला. पण कंपनीतही माझे कान प्रसिद्ध होते. कॉम्प्रेसर हाऊसच्या दारात उभा राहून कुठलं बेअरिंग जाणार ते मी सांगायचो.

२१ जानेवारी, मंगळवार

ड्रॉइंगला बसलो. किती वर्षांनी! जुनं सामान पुरात गेलं. माळ्यावर ठेवलेला ऑसिलोस्कोप तेवढा वाचला. बाकीचं मुंबईहून मागवलं.

खरा प्रश्न गेन, म्हणजे आवाजाची वाढ, कुठे कमी-जास्त करायचा हा आहे. जुन्या सेटमध्ये मी पॉट, म्हणजे आवाजाचं फिरतं बटण, सरळ माईकनंतर लावला होता. त्यात तोटा असा की आवाज कमी केला तरी पुढच्या ट्रान्झिस्टरची सूसू, ती मागची बारीक खरखर, तेवढीच राहते. भजनाच्या गजरात ती कोणाला ऐकू येते! गोमाजीच्या या आवाजाला मात्र सूसू गिळून टाकेल. म्हणून आता ५५३४ हा कमी खरखरीचा आयसी घेतो आणि गेनचा पॉट त्याच्या फीडबॅकमध्येच टाकतो. गेन उतरवला की सूसूही उतरते.

चारूला समजावून सांगितलं. तिने तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, पण ऐकून घेते बिचारी. मध्येच काहीतरी म्हणाली. मी "काय?" म्हटलं तर एकदम जोरात, "भाजीत मीठ बरोबर आहे का विचारतेय!" हल्ली फार चिडते. निवृत्तीनंतर होत असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला बोर्ड चालू झाला. हेडफोन लावून गेन पूर्ण उघडला. निव्वळ शांतता! सूसू औषधालाही नाही. इतका स्वच्छ प्रीअँप मी जन्मात केला नव्हता. चारूच्या कानाला हेडफोन लावला तर म्हणते, "शूऽऽ असा आवाज येतोय." मी म्हटलं, कुकर असेल. ती म्हणाली, कुकर लावलेलाच नाही. तिला या गोष्टींची सवय नाही.

एक गंमत झाली. साधा पॉट लावला तर सगळा गेन शेवटच्या बोटभर फिरण्यातच येऊन दाटला. आधी काहीच नाही, मग एकदम उडी. उलट्या मापाचा पॉट हवा, तो मिळेना. शेवटी पॉट काढून टप्प्यांचा स्विच लावला, प्रत्येक टप्प्याला वेगळा रेझिस्टर. टक्, टक्, टक् असा आवाज चढतो. सुनीललाही सोपं.

वैदेहीचा पुण्याहून फोन. तिला म्हटलं, नवे मोबाइल भिकार आहेत, सगळे तोंडात गोळी धरल्यासारखे बोलतात. ती म्हणाली, "बाबा, आईला द्या जरा." दोघी बराच वेळ बोलत होत्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज खोकल्याचा बंदोबस्त. एका टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला उजेड पडला की वाट मोकळी करणारा एलडीआर, दोघांना काळ्या नळीत समोरासमोर बंद केलं. आवाज वाढला की एलईडी उजळतो, एलडीआर सिग्नल जमिनीत सोडून देतो, आवाज आपोआप मागे येतो. मी माईकजवळ खोकून पाहिलं. मीटरचा काटा जेमतेम हलला. मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

पण गोमाजीचा आवाज रेकॉर्ड करून आणलाय तो काही केल्या उघडा होत नाही. स, श, च, ह सगळे पुसट, कांबळ्याआडून आल्यासारखे. ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, वाढवणारा एक टप्पा आणखी टाकला. मग त्यावर आणखी एक टाकला. आता बरा लागतोय.

अंगणातल्या पेरूवर शिंजीर येतात. चोची हलतात, पण यंदा बोलत नाहीत. हवाच बिघडली आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाडीत चाचणी. चारूला "चल" म्हटलं तर नको म्हणाली.

सुनीलने दोन पेट्या अंगणात मांडल्या. अनिलही मुंबईहून आला होता, शिवाय शेजारपाजारचे. गोमाजीला माईक अडकवला. मी एकेक टप्पा चढवत गेलो. खालच्या टप्प्यांवर आवाज बोथट. वर गेल्यावर पहिल्यांदा गोमाजीचे शब्द मला सुटे ऐकू आले. "बा देवा म्हाराजा" हे अक्षर न् अक्षर! एक टप्पा आणखी चढवला. समोर श्रुतिकेने दोन्ही हात कानांशी नेले, देवापुढे कान धरतो तसे. गोमाजीच्या बायकोने, रंगूबाईंनीही नेले. मला भरून आलं. म्हटलं, जिंकलो.

आणि गोमाजीने माईक ओढून काढला. रंगूबाईंच्या कडेवरचं नातवंड मोठ्याने रडत होतं. सुनील धावत जाऊन पेट्या बंद करून आला. अनिल माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलला. त्यातलं "रेकॉर्डिंगच बरं" एवढं कळलं.

गोमाजी माझ्याकडे बघेना. मफलर नीट केला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे, शरद."

धीर सुटला त्याचा. दुसरं काय?

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाईट वाटतंय. इतकी मेहनत केली आणि ऐन वेळी माणसाने कच खाल्ली. त्याच्याच आग्रहाने सुरू केलं होतं मी हे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही. पण लिहितो.

सकाळी जेवणघरातल्या टेबलावर सगळं मांडलं. माईक, प्रीअँप, छोटा स्पीकर. तपासायला ऑसिलोस्कोप जोडला. एकेक टप्पा चढवला. शेवटच्या दोन टप्प्यांवर पडदा एका जाड, नेटक्या लाटेने भरून गेला. आणि खोलीत शांतता. मला वाटलं, स्कोप म्हातारा झाला. वायर बदलली, लाट तशीच. सहज माईकवर तळहात ठेवला. लाट गेली. हात काढला, आली. पुन्हा ठेवला, पुन्हा गेली.

हाताने माईक झाकल्यावर लाट जाते, म्हणजे ती वायरीत नाही. ती हवेत आहे. खोलीत आवाज आहे.

मागे वळून पाहिलं. चारू दारात उभी होती, पिठाचे हात कानांवर गच्च दाबून. तोंड हलत होतं. मी स्विच खाली केला तेव्हा शब्द ऐकू आले. "बंद करा ना आधी!"

मी विचारलं, "केव्हापासून वाजतंय?"

"तुम्ही चढवलंत तेव्हापासून. शिट्टी. कानात सळई घातल्यासारखी."

मी तिला समोर बसवलं. मोबाइलवर सूर काढणारं ॲप आहे, ते लावलं आणि सूर हळूहळू वर नेत गेलो. "येतोय?" "येतोय." एका जागी माझ्यासाठी तो विझला. मी बोट पुढे नेत राहिलो. ती म्हणत राहिली, "येतोय. येतोय. अजून येतोय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कितीतरी पुढे गेल्यावर म्हणाली, "आता नाही."

सूसू होती तर. पहिल्या दिवसापासून होती. आणि श्रुतिका देवापुढे कान धरत नव्हती.

"तुला माहीत होतं?"

"वर्ष झालं असेल. टीव्ही केवढ्याने लावता. मी मोठ्याने बोलायला लागले तर म्हणालात, चिडचिडी झालीस. मग म्हटलं, असू दे." हाताचं पीठ पुसत म्हणाली, "आणि हे करताना तुम्ही इतके खुशीत होतात. पोलादपूरच्या दुकानात पहिल्यांदा पाहिलं होतं ना तुम्हाला, तसे दिसत होतात."

१ मार्च, शनिवार

डबा बंद करून माळ्यावर ठेवला. सुनीलला फोन करून सांगितलं, रेकॉर्डिंग लावा. कारण सांगितलं नाही.

आज आठवत बसलो, शेवटचे शिंजीर कधी ऐकले. आठवत नाही. जाताना काही सांगून जात नाही हे. आईचं वाती वळताना गुणगुणणं आठवतं, बॅटरीच्या ॲसिडचा फस् आवाज आठवतो, चारूच्या बांगड्या आठवतात. त्या अजून वाजतात का हे तिला विचारायचं धाडस झालं नाही.

४ मार्च, मंगळवार

गोमाजी आला. एकटा, एसटीने. इथल्या डॉक्टरांना गळा दाखवायचा होता म्हणे. चारूने त्याला आत घेतलं. "बसा भावोजी," म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

मी आधी इकडचं तिकडचं बोललो. मग सांगून टाकलं. परवाची शिट्टी मला ऐकूच आली नव्हती म्हणून.

गोमाजीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, बिनआवाजाचं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खुर्ची ओढून माझ्या अगदी कानाशी आला.

"मना वाटला, तू मुद्दाम केलास. माजा आवाज ऐकून तुला लाज वाटली, म्हनून पेटी बिगाडलीस."

"वेडा आहेस काय रे?"

"मंग? मना बोलता येत नाय, तुला ऐकता येत नाय. कोन कुनाला हसनार?" आणि चारूकडे वळून म्हणाला, "वयनी, तुमचं कान चांगलं हायत काय?"

चारू म्हणाली, "वर्गात शेवटच्या बाकावरचं कुजबुजणं ऐकायचे मी."

"बास तर," गोमाजी म्हणाला.

मी माळ्यावरून डबा काढला.

६ मार्च, गुरुवार

गोमाजीला दोन दिवस ठेवून घेतलं. तो झोपाळ्यावर बसून माईकमध्ये बोलतो, चारू पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून ऐकते, मी मध्ये सोल्डरगन घेऊन.

ट्रेबलचे दोन्ही टप्पे काढून टाकले. ते गोमाजीसाठी नव्हतेच, माझ्यासाठी होते. चारूची सांगायची पद्धत वेगळी. "मागे पाऊस पडतोय" म्हणाली की सूसू. मी एक रेझिस्टर लहान केला. "आता रिमझिम." पुन्हा एक बदलला. "थांबला." मग म्हणते, "महाराजामधला ह पडतोय. म्हाराजा म्हणताना ते श्वास सोडतात, तेवढ्यात तुमचं काहीतरी आवाज मागे ओढतं." बरोबर. श्वासालाच खोकला समजून एलडीआर काम करत होता. त्याला जरा उशिरा जागा होईल असा केला. मी पडद्यावर बघतो, ती ऐकते. पडदा आणि ती यांचं एकदाही भांडण झालं नाही.

बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही इतक्या वेळा एकमेकांना "आता कसं?" विचारलं नसेल.

९ मार्च, रविवार

अनिलला मी स्वतः फोन केला. सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "काका, गावासमोर आबांचं हसं झालं तर? मला त्याचीच भीती हाय. म्हनून टेप म्हटलं होतं." पोराचा जीव तुटतोय बापासाठी. मी म्हटलं, टेप तयार ठेव. आवाज पोचला नाही तर मी स्वतः तुला खूण करीन.

१५ मार्च, शनिवार

पालखी दुपार कलता सहाणेवर बसली. ढोल थांबले. मुंबईकर, गावकरी, सगळी सहाण भरली होती. मी एका कडेला प्रीअँप घेऊन सुनीलच्या मिक्सरजवळ. चारू पार मागे, बायकांत उभी. ठरलं होतं असं, तिने हात वर केला की एक टप्पा चढवायचा, खाली केला की उतरवायचा. अनिल मोबाइल हातात धरून माझ्याकडे बघत होता.

गोमाजीने नारळ हातात घेतला. ओठ हलले. मला काही कळलं नाही. चारूने हात वर केला. टक्. पुन्हा वर. टक्. मग तिने तळवा स्थिर धरला.

मला त्याचा एकही शब्द सुटा ऐकू आला नाही. दूर कुठेतरी वारा वाहावा तसं काहीतरी. हात स्विचकडे गेला, एक टप्पा वाढवावासा वाटला, फार वाटलं. चारूचा तळवा हलला नाही. मी हात मागे घेतला.

आणि सगळं गाव एकदम म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

हे ऐकू आलं. चांगलं दणदणीत, छातीत. गोमाजीचे ओठ पुन्हा हलले, पुन्हा गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा!" मागच्या ओळीतली माणसं, भिंतीवर चढलेली पोरं, सगळी. त्याचा प्रत्येक शब्द शेवटच्या माणसापर्यंत जात होता, हे मला त्यांच्या उत्तरावरून कळत होतं. मध्येच त्याला खोकला आला. कोणी दचकलं नाही. अनिलने मोबाइल खिशात टाकला आणि हात जोडले.

शेवटी काहीतरी वेगळं झालं. गोमाजी माझ्याकडे वळून काही बोलला. सगळी सहाण माझ्याकडे बघायला लागली. मी घाबरून डब्याकडे पाहिलं, दिवा लागलेला होता. तेवढ्यात सगळे माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "व्हय म्हाराजा!" चारूने पदर डोळ्यांना लावला.

निघताना गोमाजी भेटला, नुसता हात धरून राहिला. मी विचारलं, काय म्हणालास रे? त्याने चारूकडे बोट केलं.

पोलादपूरच्या पुढे चारूने गाडी कडेला घ्यायला लावली. इंजिन बंद करायला सांगितलं. मग माझ्याकडे तोंड करून, शाळेतल्यासारखं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ते म्हणाले, बा देवा म्हाराजा, माजा आवाज समद्या गावाला पोचला. ह्या शरदलाच तेवढा नाय पोचला. त्याला बी पोचू दे रे म्हाराजा."

बाजूने ट्रक जात होते.

१७ मार्च, सोमवार

वैदेहीला फोन केला. म्हणजे चारूने लावला, स्पीकरवर, आणि मी बोललो. कानाच्या डॉक्टरांची वेळ घे म्हटलं. ती काही क्षण बोललीच नाही. की बोलली असेल आणि मला ऐकू आलं नसेल?

गुरुवारी पुण्याला जायचं. चारू सांगत होती, आताची कानातली यंत्रं हुशार असतात, बारीक आवाज वाढवतात, मोठा आपोआप दाबतात. एवढ्याशा जागेत गेन कंट्रोल कसा बसवला असेल, उघडून बघायला हवं. चारूने बजावलंय, हात लावायचा नाही.